परदेशी मदतीने गरिबी हटते का, वांशिक हिंसा टळते का? आधी यादी कुणी केली ते बघा

प्रश्न सोलापूरच्या एका एम.ए.च्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "श्रीमंत देश गरीब देशांना इतकी वर्षं मदत देतायत. गरिबी हटली की समाजासमाजातली भांडणं आपोआप मिटतात असं वाचलं. मग रवांडा, श्रीलंका, इथिओपियात भरपूर मदत जाऊनही एवढी माणसं का मारली गेली? मदतीचा उपयोग होतो की नाही ते स्पष्ट सांगा."

स्पष्ट सांगतो. मदतीने पोट भरतं, साथी आटोक्यात येतात, पोरं शाळेत जातात. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दोन समाजांत हिंसा होईल की टळेल, हे मदत किती आली यावर फारसं ठरत नाही. ती कुणाच्या यादीवरून आणि कुणाच्या हातून वाटली गेली, यावर बरंच ठरतं. माझं निम्मं आयुष्य मदतकार्यात गेलं. सुरुवात मराठवाड्यात झाली, मग श्रीलंकेचा पूर्व किनारा, शेवटी पूर्व आफ्रिका. देणाऱ्यांच्या बैठकीत "किती कोटी" यावर तास जातात आणि "यादी कोण करणार" हा मुद्दा चहाच्या वेळी उरकतात, हे सगळीकडे सारखंच पाहिलं.

आधी तुम्ही वाचलेलं ते वाक्य घेऊ. गरीब देशांत यादवी जास्त होते हे खरं आहे. पण गरिबी रोजची असते आणि दंगल एखाद्या दिवशी पेटते. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकाने इस्लामच्या प्रेषितांबद्दल अपमानकारक विधान केलं, त्याच्या निषेधाचा बंद झाला आणि आपल्या सोलापुरात दंगल उसळली. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी, यंत्रमागावरच्या कामगाराची हजेरी, नळाला येणारं पाणी, यातलं काहीही आदल्या आठवड्यापेक्षा वेगळं नव्हतं. गरिबी म्हणजे वाळलेलं गवत म्हणा हवं तर. पण काडी ओढणारा वेगळा असतो आणि त्याला त्यातून काहीतरी मिळवायचं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळेच गरीब असतील तर माणूस नशिबाला बोल लावतो. गरिबी भाषेप्रमाणे, धर्माप्रमाणे, आडनावाप्रमाणे वाटली गेलेली दिसली की तो शेजाऱ्याला बोल लावतो. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि प्रत्येकात पैसेवालेही आहेत, मजूरही आहेत. पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातल्या मालकाच्या मागावर पद्मशालीच कामगार उभा असतो, तेव्हा भांडण पगाराचं होतं, भाषेचं होत नाही. जिथे एक अख्खा समाज नोकरीत, जमिनीत, शाळेत मागे पडलेला आणि दुसरा पुढे, तिथे पगाराचं भांडणही जमातीचं होऊन बसतं. देशाचं सरासरी उत्पन्न वाढलं तरी ही दरी तशीच राहू शकते, कधी रुंदही होते.

इथिओपिया बघा. सरकारी आकड्यांप्रमाणे दारिद्र्यरेषेखालचे लोक १९९५-९६ मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१५-१६ मध्ये २४ टक्क्यांच्या आत आले. परदेशी मदतीचा त्यात मोठा वाटा होता. देणारे देश इथिओपियाचं नाव कौतुकाने घ्यायचे. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्राय प्रांतात युद्ध पेटलं, ते पुढची दोन वर्षं चाललं. भांडण भाकरीचं नव्हतं. १९९५ च्या घटनेने प्रांतच वांशिक गटांप्रमाणे आखलेले, त्यात केंद्रातली सत्ता कुणाकडे राहणार हा वाद होता. रस्ते, दवाखाने, शाळा बांधून तो सुटणारा नव्हता. युद्ध थांबल्यावर २०२३ मध्ये उघड झालं की मदतीचं धान्य मोठ्या प्रमाणावर मधल्यामध्ये पळवलं जातंय, आणि मग अन्नमदत काही महिने देशभर थांबवावी लागली. चोरी कुणी केली ते बाजूला राहिलं आणि उपाशी मात्र यादीतले लोक राहिले.

आता रवांडा. यावर जरा थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात कडू उत्तर तिथे आहे.

१९८० च्या दशकात रवांडा हा मदत देणाऱ्यांचा लाडका देश होता. छोटा, शिस्तीचा, हिशेब वेळेवर देणारा, रस्ते नीट. पण तिथल्या प्रत्येकाच्या ओळखपत्रावर तो कुठल्या जमातीचा, हुतू, तुत्सी की त्वा, हे लिहिलेलं असे. ही पद्धत बेल्जियमच्या राजवटीत १९३० च्या दशकात सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरच्या हुतूंच्या सरकारने ती जपून ठेवली. शाळाप्रवेश आणि सरकारी नोकऱ्या त्याच हिशेबाने. मदत त्या सरकारी यंत्रणेतूनच गावात पोचायची. म्हणजे एकीकडे विकासाचे अहवाल सुरेख, दुसरीकडे माणसाची जात छापणारी यंत्रणा त्याच पैशांवर धष्टपुष्ट. देणाऱ्यांनी ओळखपत्रावरच्या त्या रकान्याचा विषय काढला नाही. तो म्हणे राजकारणाचा प्रश्न.

मग १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला आणि भाव कोसळले. रवांडाच्या शेतकऱ्याच्या हातातला नगद पैसा म्हणजे कॉफी. आपल्याकडे कांद्याचा भाव पडल्यावर मार्केट यार्डात काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. तिथे तर देशाचं बहुतेक परकी चलन त्या एका पिकावर. नेमकं त्याच सुमारास, १९९० मध्ये, तुत्सी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनेने युगांडातून हल्ला केला, आणि त्याच वर्षी कर्जाच्या अटीपायी चलनाचं ४० टक्के अवमूल्यन झालं. सरकारने लोकांच्या रागाला तोंड दाखवून दिलं: तुत्सी. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या साधारण शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली, काही अंदाज त्याहून मोठे आहेत. रस्त्यावरच्या नाक्यांवर ओळखपत्र तपासून माणूस जगवायचा की मारायचा ते ठरत होतं. संयुक्त राष्ट्रांचं सुमारे अडीच हजारांचं शांतिपथक तिथे होतं; कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने ते २७० वर आणलं.

यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कत्तल करणारे लाखोंच्या लोंढ्यात मिसळून झाईरमध्ये (आजच्या काँगोत), गोमाच्या छावण्यांत गेले. तिथे कॉलऱ्याने काही आठवड्यांत हजारोंनी माणसं मेली, म्हणून जगभरातून मदत धावली, आणि धावायलाच हवी होती. पण एवढ्या गर्दीत शिधा वाटायचा कसा? संस्थांनी सोपा मार्ग धरला, गावच्या जुन्या पुढाऱ्यांनाच यादी करायला सांगितली. हे पुढारी म्हणजे कत्तलीचे मुकादम. त्यांनी माणसांचे आकडे फुगवले, जादा धान्य विकलं, त्यातून शस्त्रं आली आणि परत जाऊ पाहणाऱ्यांना दमदाटी झाली. नोव्हेंबर १९९४ मध्ये 'सीमेविना डॉक्टर' या संस्थेची फ्रेंच शाखा हे सहन न होऊन बाहेर पडली. बाकीच्या बहुतेक संस्था तिथेच काम करत राहिल्या. कोण बरोबर, यावर आमच्या धंद्यात अजून वाद होतात. माझं मत विचाराल तर दोघांचीही बाजू मला पटते. न पटणारी गोष्ट एकच, पहिल्याच आठवड्यात यादी त्या लोकांच्या हातात दिली गेली.

यादीची ताकद समजायला आफ्रिकेत जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आपल्या शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत जवळपास आठ हजार माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथे घराचा आकार कशावर ठरला? आधीच्या जमिनीवर. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपाने सगळ्यांचीच घरं सारखी पाडली होती, पण नव्या गावात कोण लहान आणि कोण मोठा हे नकाशावर पक्कं छापलं गेलं. आपल्याकडे भूमिहीन बहुतेक कोण असतात ते वेगळं सांगायला नको. यावरून दंगल पेटली नाही, हे मान्य. पण गावाबाहेरच्या वस्तीला एकदा हक्काने मध्यात यायची संधी होती, ती गेली.

श्रीलंकेत हेच प्रकरण चिघळलेलं दिसतं. २००४ च्या सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर संस्थांची जत्रा भरली होती. तिथे गावात ग्राम निलधारी नावाचा सरकारी माणूस असतो, आपल्या तलाठी-ग्रामसेवकासारखा. त्याच्या कचेरीच्या भिंतीवर लाभार्थ्यांची यादी लागली की बायका बोट फिरवत नाव शोधायच्या. एका तमिळ बाईचं घर युद्धात जळलेलं. समुद्रापासून आत, छपराखाली, कित्येक वर्षं तशीच राहत होती. तिचं नाव यादीत नव्हतं, कारण रकाना 'सुनामीग्रस्त' असा होता आणि पैसे देणाऱ्यांनी सुनामीसाठीच दिले होते. किनाऱ्यालगत मात्र एकेका घरात दोन-दोन संस्थांच्या होड्या आलेल्या. किनाऱ्याला सोसणार नाहीत एवढ्या मोठ्या संख्येने लहान होड्या तिथे वाटल्या गेल्या. ती बाई मला काही बोलली नाही. तिचा मुलगा बोलला, आणि जे बोलला ते मुसलमान शेजाऱ्यांबद्दल होतं, संस्थांबद्दल नव्हतं.

आणि त्याच पट्ट्यातलं नुरैचोलाईचं उदाहरण तर कुणाही मदत देणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावं. अक्करैपट्टूजवळ सौदी अरेबियाच्या पैशातून सुनामीग्रस्त मुस्लिम कुटुंबांसाठी ५०० घरं बांधली, शाळा, दवाखान्यासकट. एकाच समाजाला का, असा आक्षेप आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने देशातल्या लोकसंख्येच्या वांशिक प्रमाणात वाटप करा म्हटलं, ते कुणालाच नको होतं, आणि तयार घरांत झाडंझुडपं वाढली. दहा वर्षांहून जास्त काळ ती पडून राहिली. पैसा होता, घरं उभी होती, बेघर लोकही जवळच होते. घरं वाटायची कशी हे मात्र पाया खणायच्या आधी दोन्ही समाजांसमोर बसून कुणी ठरवलेलं नव्हतं.

मग यादीशिवाय मदत होते का? होते, आणि तिचं सर्वात चांगलं उदाहरण आपल्याच मातीत आहे.

१९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, सुकडी आणि मिलो हे दोन शब्द लगेच निघतील. सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेलं पौष्टिक खाणं, आणि मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिची भाकरी घशाखाली उतरत नसे. त्यात दान किती आणि विकत घेतलेलं किती, हे खाणाऱ्याला कुठून कळणार. पण लोक तगले ते मुख्यतः कामामुळे: खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून आणि तेवढीच भर राज्याची. परदेशी दात्याची वाट बघितली नाही.

तिची खरी गंमत अशी की लाभार्थी कोण हे कुणी साहेब ठरवत नव्हता. मागेल त्याला काम. उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजू, त्याची जात, भाषा, पक्ष विचारायचं कारणच नाही. हजेरीपटात बोगस नावं घुसायची, मुकादम पैसे खायचे, मोजमापात मारामारी व्हायची, हे सगळं होतं. तरीही यादीचं राजकारण मुळातच आक्रसलं. पुढे २००५ चा केंद्राचा कायदा आला. त्यानंतर माओवादी भागातल्या आकडेवारीवर अभ्यास झाले, त्यांत दिसलं की पूर्वी पाऊस हुकला की हिंसा वाढायची, ही योजना पोचल्यावर पाऊस आणि हिंसेचा तो संबंध बराच सैल झाला. इथिओपियाने २००५ पासून परदेशी पैशावर कामाच्या बदल्यात धान्य-पैसा देणारी मोठी योजना चालवली. काम जवळपास तेच, पण तिथे गावसमिती यादी करते. फरक लहान वाटतो, तेवढा तो लहान नाही.

फिलिपिन्सचा अनुभव याच्या उलट. तिथे बाहेरच्या कर्जावर चालणाऱ्या ग्रामविकास योजनेत पात्र ठरलेल्या गावांमध्ये आणि थोडक्यात हुकलेल्या गावांमध्ये तुलना केली, तर पात्र गावांत हल्ले वाढलेले निघाले. कारण साधं आहे. सरकारी पैशाने गाव सुखी झालं तर बंडखोरांना कोण विचारणार? म्हणून योजना सुरू व्हायच्या आधीच ती उधळायची. मदत जाहीर झाल्यापासून पोचेपर्यंतचे महिने सगळ्यात धोक्याचे, हे आमच्या लोकांनाही उशिरा कळतं.

प्रत्यक्ष हिंसा टाळण्यासाठी म्हणून वापरलेली मदत कुठे फळली, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. मॅसेडोनिया घ्या. शेजारी युगोस्लाव्हिया पेटलेला असताना १९९२ च्या अखेरीस, एकही गोळी सुटायच्या आधी, तिथे संयुक्त राष्ट्रांचं पथक ठेवलं गेलं. ते असेपर्यंत मॅसेडोनियन आणि अल्बानियन समाजांतला तणाव युद्धापर्यंत गेला नाही. १९९९ च्या जानेवारीत मॅसेडोनियाने तैवानला मान्यता दिली, तैवानकडून मोठ्या मदतीची आशा होती. पुढच्याच महिन्यात चीनने नकाराधिकार वापरला आणि पथक गेलं. २००१ मध्ये चकमकी सुरू झाल्या. त्या ऑगस्टमधल्या ओह्रिद करारावर थांबल्या. करारात अल्बानियन भाषेला सरकारी कामात जागा, पोलिसांत आणि नोकऱ्यांत वाटा असे मुद्दे होते. मदतीचा पैसा या मुद्द्यांमागे उभा राहिला तेव्हा त्याचा उपयोग झाला.

उत्तर घानाचं उदाहरण लहान आहे, पण मला ते जास्त आवडतं. १९९४ च्या सुरुवातीला बाजारात एका गिनी कोंबडीच्या भावावरून कोन्कोम्बा आणि नानुम्बा जमातींत खटका उडाला आणि हजारोंचे बळी गेले. कोंबडी निमित्ताला, मूळ दुखणं जमिनीच्या हक्काचं आणि कोन्कोम्बांना स्वतःचा मान्य सरदार नसण्याचं. मदत घेऊन गेलेल्या संस्थांनी वेगवेगळी दुकानं न मांडता एकत्र संघ केला, आणि धान्यवाटपाबरोबर दोन्हीकडच्या लोकांना पुन्हापुन्हा एका खोलीत बसवलं. नैरोबीहून आलेल्या मध्यस्थांनी मदत केली. १९९६ मध्ये कुमासीला समझोता झाला. यात पैसा लागला तो गाडीभाड्याला, जेवणाला, हॉलला. असा खर्च अहवालात चमकत नाही म्हणून दाते तो द्यायला कुरकुरतात.

अटी घालून शांतता विकत घेता येते का? क्वचित. जून २००३ मध्ये टोकियोला दात्यांनी श्रीलंकेसाठी साडेचार अब्ज डॉलर कबूल केले, शांतता प्रक्रिया पुढे गेली तर, या अटीवर. सरकारशी लढणारे तमिळ वाघ (एलटीटीई) त्या परिषदेला आलेच नाहीत, आणि कोलंबोलाही ती अट फार बोचली नाही. २००६ मध्ये युद्ध पुन्हा उघड सुरू झालं. याउलट २०१२ मध्ये काँगोतल्या एम२३ बंडखोरांना पाठबळ देतो म्हणून रवांडाची मदत अनेक देशांनी एकदम रोखली, शिवाय संयुक्त राष्ट्रांनी लढणारी तुकडी पाठवली, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ते बंड मोडलं. सगळ्यांनी एकत्र, एकाच ठोस मागणीसाठी रोखलं म्हणून जमलं. २०२५ च्या जानेवारीत तेच एम२३ गोमात परत शिरलं.

मदत अचानक तुटण्याचा धोकाही ध्यानात ठेवा. अभ्यास सांगतात की मदत एकदम घसरली की यादवीची शक्यता वाढते, कारण सरकारने ज्या गटांना वाटा देऊन गप्प बसवलेलं असतं त्यांना आता द्यायला काही उरत नाही. श्रीमंत देशांची अधिकृत मदत २०२३ मध्ये २२३ अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०२४ मध्ये ती घटली, आणि १ जुलै २०२५ ला अमेरिकेची यूएसएड ही संस्थाच बंद झाली. मदतीवर मी वर एवढी टीका केली तरी अशा एका फटक्यात बंद करण्याला माझा विरोध आहे.

भारताने मदत द्यावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सोलापूरकराने विचारावं. १९३८ मध्ये, आपणच पारतंत्र्यात असताना, काँग्रेसने वर्गणी काढून पाच डॉक्टर चीनला धाडले, त्यात आपले द्वारकानाथ कोटणीस होते. ते चिनी भाषा शिकले, तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. आजचा सल्लागार दोन आठवड्यांसाठी येतो आणि हॉटेलच्या वायफायवर अहवाल लिहितो. असो. अलीकडचं चांगलं काम म्हणजे श्रीलंकेच्या उत्तर-पूर्व भागात युद्धग्रस्तांसाठी आणि पुढे चहामळ्यातल्या कामगारांसाठी भारताने हाती घेतलेली ५० हजार घरं. उत्तर-पूर्वेत बहुतेक घरांसाठी ठेकेदार न नेमता हप्त्याहप्त्याने पैसे कुटुंबाच्या खात्यात, घर त्यांनी स्वतः बांधायचं. साडेपाच लाख श्रीलंकन रुपये पुरले नाहीत म्हणून अनेकजण कर्जात गेले, एकट्या बायकांना गवंडी-मजूर गाठणं जड गेलं. पण त्या घरांत माणसं राहतात.

प्रबंधाला विषय शोधत असाल तर परदेशी अहवालांच्या मागे लागू नका. एसटीने किल्लारी-सास्तूरकडे जा, एक पुनर्वसित गाव निवडा आणि २५०, ४००, ७५० ची घरं कुठल्या गल्लीत आहेत, त्यांत आज कोण राहतं, कुणी मागे खोली वाढवली आणि कुणी विकून पुण्याला गेला, याचा नकाशा स्वतः चालत काढा. त्या गावाची यादी कुणी केली होती, हे सांगणारी माणसं अजून हयात आहेत.